केनवडची वाट आणि घरातली पहिली गाडी

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की पातूरनंतर घाट लागतो. सागाची झाडं, रस्त्याच्या कडेला माकडांच्या टोळ्या, वळणावर धापा टाकणारे ट्रक. घाट चढून मेडशी मागे टाकली की मालेगाव येतं. हे नाशिककडचं यंत्रमागांचं मालेगाव नव्हे. हे वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव जहांगीर. इथे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक अकोल्याहून नांदेडकडे जातो, दुसरा नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे. या दुसऱ्या रस्त्याने मेहकरच्या दिशेला वळलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरत जाते आणि केनवड येतं.

केनवड रिसोड तालुक्यात आहे. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तरी मोठं दुखणं निघालं की इथली माणसं आजही अकोल्याचं नाव घेतात. गावाला रेल्वे नाही. एसटीची लालपरी आहे, काळी-पिवळी आहे आणि दारोदार मोटारसायकली आहेत. बाजार, कॉलेज, कचेरी, लग्न, मयत, सगळं या तिघांच्या भरवशावर चालतं. आम्ही दोघं गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा सोयाबीन कधीच निघून गेली होती, तुरीला शेंगा लगडल्या होत्या आणि हरभऱ्याने नुकतं डोकं वर काढलं होतं.

आमच्या खालाजान इथे राहतात. वय पासष्टच्या पुढे. वर्षभरापासून त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी वाशीमला जावं लागतं. मशीनवर चार तास, पण जाणं-येणं आणि थांबणं धरलं की अख्खा दिवस. बस चुकली तर काळी-पिवळी. ती भरेपर्यंत थांबायचं, मालेगावला उतरून दुसरी धरायची. परतताना अंगात त्राण नसतं, हाताला पट्टी असते आणि दाटीत कुणाचं कोपर लागेल याची धास्ती. भाड्याची गाडी केली तर एका फेरीला दीड हजार रुपये. पावसाळ्यात एकदा मध्यरात्री खालाजानना दम लागला. शेजारच्या घरचा मुलगा झोपेतून उठला, आपली गाडी काढली आणि त्यांना दवाखान्यात पोहोचवून आला. पैशाचं नावही काढलं नाही. खालू म्हणाले, ‘‘त्याचे उपकार आहेतच. पण दर वेळी दुसऱ्याचं दार कसं वाजवायचं?’’

म्हणून घरात पहिली गाडी घ्यायचं ठरलं. जमा रक्कम चार लाख रुपये: तीन हंगामांतली शिल्लक, मुलाने पुण्याहून पाठवलेले पैसे आणि खालाजानच्या भिशीचा नंबर. गाडी कोणती, हे ठरवायला खालूंनी आम्हांला बोलावून घेतलं होतं.

आधी बसणारा, मग गाडी

गावात गाडी घ्यायची बातमी लपत नाही. जुम्याच्या नमाजनंतर खालूंना चार जणांनी चार गाड्या सुचवल्या. पुतण्याचा जीव एका मोठ्या, उंच, बारा वर्षं जुन्या डिझेल गाडीवर जडला होता. तेवढ्याच पैशांत ‘गाडी दिसली पाहिजे’ असं त्याचं म्हणणं. दुसरा म्हणाला, नवीनच घ्या, जुनं म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी.

किंमत, मॉडेल, रंग काहीही न बोलता आम्ही आधी एकच गोष्ट केली. गल्लीतल्या तीन शेजाऱ्यांना विनंती करून त्यांच्या गाड्या दारासमोर उभ्या केल्या आणि खालाजानना प्रत्येकीत बसायला आणि उतरायला सांगितलं. पहिली गाडी बुटकी होती. बसताना त्या सीटवर कोसळल्यासारख्या बसल्या आणि उतरताना त्यांना हात धरून ओढावं लागलं असतं. डायलिसिसच्या रुग्णाच्या ज्या हातात फिस्टुला असतो, तो हात ओढायचा किंवा दाबायचा नसतो. पुतण्याच्या आवडीच्या जातीची उंच गाडी आली, तर तिच्या पायरीवर त्यांचा गुडघा चढेना. तिसरी होती शेजारच्यांची जुनी वॅगन आर. तिच्यात त्या खुर्चीवर बसावं तशा बसल्या, पाय आत घेतले आणि म्हणाल्या, ‘‘हं. यात मी कुणाला हाक न मारता बसेन.’’

अर्ध्या तासात निम्म्या गाड्या यादीतून गळल्या. पहिली गाडी घेणाऱ्या प्रत्येक घराला आमचं हेच सांगणं आहे. ज्याच्यासाठी गाडी घ्यायची, त्याला आधी बसवून पाहा. तान्हं मूल असेल तर त्याला कडेवर घेतलेल्या आईला बसवा, अब्बांचे गुडघे दुखत असतील तर अब्बांना.

सोयाबीनच्या मापाने हिशेब

चार लाख हा आकडा शहरात लहान वाटतो. केनवडला तो सोयाबीनच्या मापाने मोजावा लागतो. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. त्या भावाने चार लाख म्हणजे 75 क्विंटल. आणि बाजारात हमीभाव मिळतोच असं नाही. कोरडवाहू शेतात एकरी सहा-सात क्विंटल धरले तर अकरा-बारा एकरांचं अख्खं पीक, तेही बी-खत-मजुरीचा खर्च न वजा करता. एवढं पीक एका गाडीत ओतायचं, तर घाई परवडत नाही.

नवीन गाडीचाही विचार आम्ही केला. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, शिवाय वरचा उपकर गेला. त्यामुळे सर्वांत स्वस्त गाड्यांची शोरूमची किंमत साडेतीन-पावणेचार लाखांपासून सुरू होते. पण ती दारात येईपर्यंतची किंमत नव्हे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला 11 टक्के रस्ता-कर लागतो. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. बाकीचा विमा आणि नोंदणी वेगळी. बेरीज चार लाखांच्या वर जात होती, तीही सर्वांत खालच्या मॉडेलची.

वरचे पैसे कर्जाने घ्यावेत का? पुतण्याने तर सगळीच रक्कम कर्जाने घ्या, शेतीचे पैसे शेतीत राहू द्या, असं सुचवलं. आम्ही कागदावर मांडून दाखवलं. चार लाख रुपये, 10 टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे साडेआठ हजार आणि पाच वर्षांत एकूण भरणा पाच लाख दहा हजारांच्या घरात. म्हणजे वरचे एक लाख दहा हजार व्याजाचे. शेतकऱ्याच्या घरी पैसा हंगामाला येतो, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. खालूंनी कागद घडी करून ठेवला. ‘‘व्याजाच्या गाडीत बसवून मी हिला दवाखान्यात नेणार नाही,’’ एवढंच ते बोलले.

याच बोलण्यात जकातीचा विषय निघाला, कारण अनेक घरांत इथे गल्लत होते. घरच्या वापराच्या गाडीवर जकात नाही. पण गाडी घेण्यासाठी साठवलेली रक्कम निसाबाच्या वर असेल आणि तिच्यावर वर्ष उलटलं असेल, तर तिच्यावर जकात आहे. ‘गाडीसाठी ठेवलेत’ म्हणून ती माफ होत नाही. खालूंनी रमजानमध्ये जमा तीन लाखांवर साडेसात हजार काढले होते. चार लाख उरले होते ते त्यानंतरचे.

मग चालवण्याचा खर्च. आम्ही फेरी सढळ हाताने शंभर किलोमीटर धरली. लिटरला सोळा किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर एका फेरीला साडेसहाशे रुपये. महिन्याच्या आठ-नऊ फेऱ्यांचे साडेपाच हजार. विमा, सर्व्हिसिंग आणि टायर यांसाठी दरमहा दोन हजार बाजूला. एकूण साडेसात हजार. भाड्याच्या गाडीचे बारा-तेरा हजार होत होते. पण घरची गाडी वर्षातून दोनदा गॅरेजमध्ये अडकली, तर हा सगळा हिशेब कोसळणार होता.

रस्त्याकडेचा मिस्त्री

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालेगावला एका गॅरेजवर गेलो. शोरूमच्या आधी मिस्त्रीकडे जायचं, हा आमचा जुना शिरस्ता. जिथे विकायला काही नाही, तिथे माणूस खरं बोलतो. मिस्त्री एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. त्यांनी हात पुसले, चहा सांगितला आणि म्हणाले, ‘‘भाऊ, गाडी घेनं सोपं हाय, तिले सांभाळनं कठीन.’’

त्यांचा हिशेब सरळ होता. ज्या गाडीचा पार्ट मालेगावात मिळतो, ती संध्याकाळी घरी जाते. ज्या गाडीचा पार्ट अकोल्याहून येतो, ती उद्या जाते. ज्या गाडीसाठी नागपूरला फोन करावा लागतो, ती चार दिवस इथेच उभी राहते. ‘‘बिघडत नाही अशी गाडी कोनीच बनवली नाही. ज्या दिवशी बिघडली त्याच दिवशी चालू झाली, तिले मी भरवशाची म्हनतो.’’

चार दिवस गाडी उभी, म्हणजे खालाजानची एक पाळी तरी हुकणार. भरवसा हा शब्द आमच्यासाठी त्या गॅरेजमध्ये नेमका झाला.

मारुतीच्या लहान गाड्या इथे इतक्या का दिसतात, याचंही कारण तिथेच कळतं. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली आणि जानेवारी 2014 पर्यंत बनत राहिली. तीस वर्षं एकाच घराण्याची इंजिनं उघडून इथल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्यांचा हात बसला. वॅगन आर 1999 च्या अखेरीस आली, अल्टो 2000 मध्ये. त्यांचे पार्ट तालुक्याच्या दुकानात फळीवर असतात. पुतण्याच्या डिझेल गाडीचं नाव काढल्यावर मिस्त्री हसले. बारा वर्षांच्या डिझेलचा टर्बो, इंजेक्टर, क्लच यांपैकी एक जरी गेला, तरी तुमची तूर गेली, म्हणाले. शिवाय खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. बारा वर्षांची गाडी म्हणजे तीन वर्षांनी तपासणी आणि फेरनोंदणीची कटकट.

ढिगाखालचं ओलं धान्य

प्रेषित मुहम्मद (स.) यांची बाजारातली एक घटना आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर वर कोरडं आणि आत ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ओलं वर का ठेवलं नाहीस, म्हणजे लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही, हे स्पष्ट केलं. सोयाबीनची ओल तपासून माल विकणाऱ्या खालूंना ही गोष्ट गाडीला लावून सांगावी लागली नाही.

वाशीमला पहिली गाडी पाहिली ती एका विक्रेत्याच्या आवारात. काचेसारखी चकचकीत. मीटरवर 38 हजार किलोमीटर. पण ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं आणि स्टेअरिंगवरचं कातडं सोलवटलेलं. अडतीस हजारांत इतकी झीज होत नाही. सर्व्हिसिंगचं पुस्तक ‘हरवलेलं’. आम्ही पायाखालची मॅट उचलून आत हात घातला. खालचं अस्तर दमट होतं, कुबट वास येत होता. सलाम करून निघालो.

दुसरी गाडी एका निवृत्त शिक्षकांची होती. 2021 ची पेट्रोल वॅगन आर, पहिलाच मालक, 46 हजार किलोमीटर, प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती फाइलला लावलेली. गुरुजींनी आम्ही काही विचारायच्या आधीच डाव्या दाराकडे बोट दाखवलं. ‘‘हे दार ट्रक घासून गेल्यावर रंगवलंय. आतला पत्रा बदललेला नाही. आणि टायर आता बदलावे लागतील.’’ त्या एका वाक्याने अर्धा सौदा झाला.

तरीही तपासणी सोडली नाही. मिस्त्रींना सोबत नेलं होतं. त्यांच्या अर्ध्या दिवसाचे पाचशे रुपये आम्ही दिले. इंजिन रात्रभर थंड असताना सुरू करायला सांगितलं, कारण गरम इंजिन खोड लपवतं. धुराचा रंग पाहिला. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही, पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंटचा संशय. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय नव्हती. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1121 म्हणजे 2021 चा अकरावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण रबर पाच वर्षांचं होत आलं होतं. गुरुजी खरं बोलले होते.

समृद्धी आणि तारे

खालूंची थोरली मुलगी बी.एड. करते. तिने रात्री जेवताना एक प्रश्न टाकला आणि सगळे गप्प झाले. ‘‘धडक झाली तर ही गाडी अम्मीला वाचवेल का?’’

प्रश्न रास्त होता. ग्लोबल एनकॅपच्या 2023 च्या चाचणीत वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता, अल्टो के10 ला दोन. टाटा टियागोला 2020 मध्ये चार तारे मिळाले होते. ऑक्टोबर 2023 पासून आपल्या देशाची भारत एनकॅप ही चाचणीही सुरू आहे. तिचे निकाल पाहूनच नवीन गाडी घ्यावी, असं आम्ही मनापासून सांगू. ज्यांच्या घरी रुग्ण नाही आणि ज्यांचं रोजचं जाणं महामार्गावरून आहे, त्यांनी तारे आधी मोजावेत. खालाजानच्या बाबतीत पारडं दोन गोष्टींनी झुकलं. उंच सीटवर त्या स्वतः बसू-उतरू शकत होत्या आणि पार्ट त्याच दिवशी मिळणार होता.

उणीव कळली म्हणून ती भरून काढायचे नियम त्याच रात्री ठरले. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग असलेलंच मॉडेल घ्यायचं. 1 जानेवारी 2022 पासून हे सर्वच गाड्यांना बंधनकारक आहे, त्याआधीच्या गाडीत मात्र स्वतः पाहावं लागतं. गुरुजींच्या गाडीत दोन्ही होत्या. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा. टायर चारही नवे. ताशी सत्तरच्या वर जायचं नाही. आणि समृद्धी महामार्गावर ही गाडी न्यायची नाही.

समृद्धीची भुरळ या भागात मोठी आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, 5 जून 2025 ला 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता. मालेगावजवळून वर चढता येतं आणि मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे. पण त्याच रस्त्यावर 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेड राजाजवळ बस पेटून 25 जण गेले, ते बुलडाणा-वाशीमची माणसं विसरलेली नाहीत. सरळ, तापलेल्या काँक्रीटवर जुनं टायर आणि नवखा हात यांचं जमत नाही. वाशीमला जायला जुना रस्ता पुरे.

कागद आणि किल्ली

सौदा तीन लाख पस्तीस हजारांना ठरला. पैसे बँकेतून दिले. कागद आधी पाहिले होते: आरसी गुरुजींच्याच नावावर, तिच्यावर बँकेचा बोजा नाही, विमा चालू, पीयूसी ताजी, थकलेली चलनं नाहीत. बोजा असता तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 आधी मागितला असता. फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या घेतल्या. इथे बरेच जण ‘नावावर नंतर करू’ म्हणतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर असताना अपघात झाला तर देणारा आणि घेणारा दोघंही कोर्टात उभे राहतात. नाव बदलायचा अर्ज आणि विमा नावावर करायची सूचना, दोन्ही चौदा दिवसांच्या आत दिलं.

उरलेल्या पासष्ट हजारांतून टायरांचे सोळा हजार, विम्याचे नऊ, बॅटरी, ऑइल, ब्रेक आणि नाव बदलण्याचा खर्च मिळून पंधरा हजार गेले. पंचवीस हजार खालूंनी वेगळे ठेवले. आमच्या मते पहिल्या गाडीचा हाच नेम असावा. हातातले सगळे पैसे किमतीत घालू नयेत. दहावा हिस्सा तरी तिच्या पहिल्या वर्षासाठी राखावा.

चालवणार कोण, हा शेवटचा प्रश्न. मुलगा पुण्यात, खालूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मुलीने हळूच आपलं शिकाऊ लायसन्स पुढे केलं. तिने ते आधीच काढलं होतं. शिकाऊ लायसन्सला तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर गावातला एक जाणता ड्रायव्हर फेरीला चारशे रुपये घेऊन येत होता आणि ती रोज फजरनंतर त्याला शेजारी बसवून मोकळ्या मैदानावर हात बसवत होती. आधी काहींच्या भुवया उंचावल्या. मग गल्लीतल्या दोन आयांनी खालाजानकडे चौकशी केली की शिकायला किती पैसे लागतात.

फेब्रुवारीत तिचं पक्कं लायसन्स आलं. आता आठवड्यातले दोन दिवस ती अम्मीला वाशीमला घेऊन जाते, चार तास बाहेर बसून अभ्यास करते आणि दिवस मावळायच्या आत परत आणते. बाकीचे दिवस एमएच 37 ची ती पांढरी गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. खालूंनी दाराच्या आत एक खिळा ठोकला आहे आणि शेजारच्या घरी जाऊन सांगून आले आहेत: किल्ली तिथे असते, रात्री कितीही वाजता लागली तरी दार वाजवा.